मिर-१२४ ‘मास्टर स्विच’ आहे का? चेतापेशींच्या घडणीत मायक्रोआरएनए नेमकं काय करतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सस्तन प्राण्यांच्या मेंदूत मूलपेशीची चेतापेशी (न्यूरॉन) होताना मायक्रोआरएनए, म्हणजे स्वतः प्रथिन न बनवता इतर जनुकांचं काम दाबणारे छोटे आरएनए, नेमकं काय करतात? एका शोधनिबंधात मिर-१२४ या मायक्रोआरएनएला ‘मास्टर स्विच’ म्हटलंय, दुसऱ्यात तो दाबून टाकला तरी न्यूरॉन तयार झाले असं लिहिलंय, मग धरायचं काय? आणि प्रकल्पासाठी कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत) मिर-१२४ चं इनहिबिटर (त्याला बांधून निकामी करणारा रेणू) घालून बघावं का?

दोन्ही निबंधांतले प्रयोग ठीक आहेत, घोळ निष्कर्षाच्या शब्दांत आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पेशीने काय व्हायचं हे मायक्रोआरएनए सहसा ठरवत नाहीत. ते ठरवतात ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. मायक्रोआरएनए जुन्या अवस्थेचे उरलेले एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेल्या प्रती) साफ करतात, बदलाची वेळ सांभाळतात आणि झालेली चेतापेशी पुन्हा मागे सरकणार नाही हे बघतात. ही कामं दुय्यम नाहीत. ती झाली नाहीत तर पेशी मरते किंवा अर्धवट राहते. पण ‘हा दिला की न्यूरॉन, हा काढला की न्यूरॉन नाही’ इतका सरळ हिशोब त्यात नाही.

यंत्रणा तुम्हाला माहीत असणारच, म्हणून पुढे लागेल तेवढीच घेतो. आरएनए पॉलिमरेज-२ लांबलचक प्राथमिक प्रत काढतं. केंद्रकात ड्रोशा आणि डीजीसीआर८ ही जोडी तिच्यातून साधारण ७० न्यूक्लिओटाइडांची हेअरपिन कापते, एक्स्पोर्टिन-५ ती बाहेर आणतं, डायसर तिचा माथा छाटतं आणि उरलेल्या दुपदरी तुकड्यातली २२ न्यूक्लिओटाइडांच्या आसपासची एक पट्टी आर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसते. लक्ष्य ओळखण्याचं काम मुख्यतः या पट्टीच्या २ ते ८ क्रमांकाच्या अक्षरांकडे, म्हणजे सीडकडे असतं. मिर-१२४ चं सीड आहे ‘एएजीजीसीएसी’. म्हणून ज्या एमआरएनएच्या ३-प्राइम यूटीआरमध्ये (प्रथिनाच्या संकेतानंतरच्या शेपटीत) ‘जीयूजीसीसीयूयू’ ही सात अक्षरं सलग सापडतात, तो मिर-१२४ चं संभाव्य लक्ष्य ठरतो.

यातला ‘संभाव्य’ हा शब्द गांभीर्याने घ्या. चार अक्षरांतून सात जागा भरायच्या तर १६,३८४ जुळण्या होतात. म्हणजे निव्वळ योगायोगानेही दर सोळा हजार अक्षरांमागे हा क्रम एकदा येणार. एक हजार अक्षरांची यूटीआर असलेली वीस हजार जनुकं घेतली तर हजाराहून जास्त जनुकांत तो काहीही अर्थ नसताना सापडेल. लक्ष्य सुचवणारी सॉफ्टवेअर उत्क्रांतीत टिकून राहिलेल्या जागा निवडून ही यादी आटोक्यात आणतात, तरी यादीत नाव आलं म्हणजे पुरावा मिळाला असं होत नाही. प्रबंधांमध्ये सगळ्यात जास्त पाणी इथेच मुरतं.

दुसरी गोष्ट परिणामाच्या मापाची. २००८ साली दोन गटांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीने हजारो प्रथिनं एकाच वेळी मोजली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं: एक मायक्रोआरएनए शेकडो प्रथिनांवर परिणाम करतो, पण बहुतेकांची पातळी निम्म्याच्या खालीसुद्धा जात नाही. तेव्हा एखाद्या लेखात ‘मिर-अमुक हा तमुक जनुक बंद करतो’ असं वाचलंत तर मनातल्या मनात ‘थोडं कमी करतो’ असं वाचा. तेवढ्याने काही बदलेल का, हे ते प्रथिन कुठल्या साखळीत बसलंय त्यावर अवलंबून असतं.

मिर-१२४ चं महत्त्व नेमकं इथे आहे. त्याची काही लक्ष्यं अशा मोक्याच्या जागी बसलेली आहेत की थोडा धक्काही पुढे मोठा होत जातो.

हा उंदराच्या मेंदूतला सर्वाधिक आढळणाऱ्या मायक्रोआरएनएंपैकी एक. त्याचा क्रम कृमींपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा राहिलाय. २००५ साली तो हेला पेशींमध्ये घातला गेला. या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी, मेंदूशी त्यांचा काही संबंध नाही. तरी शंभराहून जास्त एमआरएनए घटले, आणि घटलेले नेमके तेच निघाले जे मेंदूत मुळातच कमी असतात. पेशीचा एकूण नकाशा मेंदूच्या दिशेने सरकला. हेला पेशीचा न्यूरॉन मात्र झाला नाही. बातम्यांमध्ये पहिलाच भाग गाजला.

आता मोक्याच्या जागा बघू. पहिली जागा रेस्ट या प्रथिनाभोवतीची. चेतापेशी नसलेल्या पेशींमध्ये आणि मूलपेशींमध्ये रेस्ट चेतापेशींची जनुकं दाबून ठेवतं, आणि त्यात मिर-१२४ ची जनुकंही येतात. या दाबण्यात रेस्टला एससीपी१ नावाचं एक फॉस्फटेज मदत करतं, आणि मिर-१२४ नेमका त्याच एससीपी१ चा एमआरएनए खाली आणतो. म्हणजे दोघे एकमेकांचे पाय ओढतात. रेस्ट घटायला लागलं की मिर-१२४ वाढतो, तो वाढला की रेस्टचा हात आणखी कमकुवत होतो, आणि पेशी एका बाजूला पक्की झुकते. पण रेस्ट घटायला सुरुवात कशाने होते? २००८ मध्ये दाखवलं गेलं की युबिक्विटिन (नष्ट करायच्या प्रथिनावरची खूण) लागून रेस्ट प्रथिनाचाच नाश होतो. म्हणजे पहिला धक्का दुसरीकडून येऊ शकतो आणि मिर-१२४ तो पक्का करतो.

दुसरी जागा स्प्लायसिंगची, म्हणजे एमआरएनएचे तुकडे (एक्झॉन) निवडून जोडण्याची, आणि मला ती सगळ्यात सुंदर वाटते. पीटीबीपी१ हे प्रथिन चेतापेशी नसलेल्या पेशींमध्ये चेतापेशींच्या खास एक्झॉनांना वगळायला लावतं. त्याच्याच जातकुळीतलं पीटीबीपी२ आहे. त्याच्या एमआरएनएमधूनही पीटीबीपी१ एक एक्झॉन वगळतं, त्यामुळे वाचनचौकट बिघडते आणि तो एमआरएनए नष्ट होतो. मिर-१२४ ने पीटीबीपी१ खाली आणलं की पीटीबीपी२ चा एमआरएनए वाचतो, ते प्रथिन वर येतं, आणि त्याबरोबर कितीतरी जनुकांचं स्प्लायसिंग चेतापेशीच्या पद्धतीने होऊ लागतं. २००७ साली हे मांडलं गेलं. एका यूटीआरवरच्या मोजक्या जागांवरून सुरू झालेली गोष्ट शेकडो एक्झॉनांपर्यंत जाते.

(एक सावधगिरी. याच पीटीबीपी१ वरून पुढे ‘अ‍ॅस्ट्रोसाइटमधलं (मेंदूतल्या साहाय्यक पेशीतलं) पीटीबीपी१ कमी केलं की मेंदूतच त्याचा न्यूरॉन होतो’ असे दावे २०२० मध्ये आले. २०२१ मध्ये वंशाचा काटेकोर माग ठेवून पुन्हा प्रयोग झाले, तेव्हा ते ‘नवे’ न्यूरॉन आधीपासूनचेच असल्याचं दिसलं. खूण दाखवणारा विषाणू त्यांच्यात शिरला होता. कल्चरमधला रेस्ट-पीटीबी-मिर-१२४ चा धागा त्यामुळे खोटा ठरत नाही, पण त्यावरून उपचारांचे इमले बांधणाऱ्या लेखांना जरा लांबूनच नमस्कार करा.)

तिसरी जागा क्रोमॅटिनची, म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनांची. विभाजन होणाऱ्या पूर्वज पेशीत बीएएफ या क्रोमॅटिनची मांडणी बदलणाऱ्या प्रथिनसंकुलाचा एक घटक असतो बीएएफ५३ए. विभाजन थांबलेल्या चेतापेशीत त्याची जागा बीएएफ५३बी घेतं. बीएएफ५३ए च्या यूटीआरमध्ये मिर-१२४ आणि मिर-९* (मिर-९ च्या हेअरपिनची दुसरी पट्टी) यांच्या जागा आहेत. २००९ च्या कामात या जागा बदलल्या, तेव्हा बीएएफ५३ए जायला हवं होतं तिथे टिकून राहिलं आणि पेशीच्या सक्रियतेनुसार होणारी डेंड्राइटांची (संदेश घेणाऱ्या फांद्यांची) वाढ बिघडली. लक्षात घ्या, इथे संशोधकांनी मायक्रोआरएनए काढला नाही, लक्ष्यावरची जागा बदलली. हा पुरावा दर्जेदार का आहे, ते शेवटी येईल.

आता तुम्हाला पडलेलं कोडं. २००७ सालीच दोन गटांनी कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत मिर-१२४ शी खेळून बघितलं. एकाने एससीपी१ ची साखळी मांडून मिर-१२४ न्यूरॉन तयार होण्याला चालना देतो असं म्हटलं. दुसऱ्याला तो दाबूनही किंवा वाढवूनही न्यूरॉन होण्यात फारसा फरक दिसला नाही; त्याच्या मते मिर-१२४ न्यूरॉनमध्ये नको असलेले पूर्वज पेशींचे एमआरएनए कमी ठेवतो, इतकंच. त्यानंतर २००९ मध्ये प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या सबव्हेंट्रिक्युलर झोनमध्ये (नवे न्यूरॉन बनतात त्या भागात) मिर-१२४ दाबल्यावर पूर्वज पेशी विभाजित होत राहिल्या आणि वाढवल्यावर लवकर न्यूरॉन झाल्या. तिथे लक्ष्य होतं सॉक्स९ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. २०११ मध्ये उंदरातलं मिर-१२४ चं एक मुख्य जनुक काढलं: मेंदू लहान झाला, हिप्पोकॅम्पसमधल्या मॉसी फायबरना भलतीकडे फांद्या फुटल्या, दृष्टिपटलातल्या शंकूपेशी मेल्या. पण न्यूरॉन होते. माणसाच्या मूलपेशींमध्ये मिर-१२४ ची तिन्ही जनुकं काढली तेव्हाही न्यूरॉन तयार झाले. बिघाड त्यांच्या कामात आणि टिकण्यात दिसला.

हे सगळं एकत्र ठेवलं की विरोध बराच मावळतो. जिथे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांचा जोर मुबलक आहे, तिथे मिर-१२४ नसला तरी पेशी न्यूरॉनच्या वाटेने जाते, फक्त धड पोचत नाही. जिथे पेशी काठावर उभी आहे, उदाहरणार्थ प्रौढ मेंदूतली पूर्वज पेशी, तिथे तोच छोटा धक्का निर्णायक दिसतो.

यावर तुम्ही म्हणाल, मग २०११ च्या त्या प्रयोगाचं काय, ज्यात माणसाच्या त्वचेच्या फायब्रोब्लास्टमध्ये मिर-९/९* आणि मिर-१२४ घातल्यावर न्यूरॉन झाले? प्रश्न रास्त आहे. पण त्याच प्रयोगात न्यूरोडी२, एएससीएल१ आणि एमवायटी१एल हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर जोडल्यावर उत्पादन खूप वाढलं. पुढची कामं तर फारच बोलकी आहेत. त्याच मायक्रोआरएनएंबरोबर सीटीआयपी२, डीएलएक्स१, डीएलएक्स२ आणि एमवायटी१एल दिले तर स्ट्रायटमसारखे मीडियम स्पायनी न्यूरॉन मिळतात. आयएसएल१ आणि एलएचएक्स३ दिले तर चालक न्यूरॉन. मायक्रोआरएनए तेच, न्यूरॉन वेगळे. म्हणजे मायक्रोआरएनएंनी जुनी ओळख सैल केली, क्रोमॅटिनची दारं उघडली, आणि ‘कुठला न्यूरॉन’ हे फॅक्टरांनी ठरवलं. या मार्गाने केलेल्या न्यूरॉनमध्ये दात्याच्या वयाच्या खुणा टिकून राहतात, म्हणून हंटिंग्टनसारख्या उतारवयात दिसणाऱ्या आजारांच्या अभ्यासाला ते उपयोगी पडतात.

मिर-१२४ बद्दल इतकं लिहिलं, पण वेळेचा विषय निघाला की मला मिर-९ जास्त आवडतो. पूर्वज पेशीत एचईएस१ हे प्रथिन स्वतःच्याच जनुकाला दाबतं, त्यामुळे त्याची पातळी दोन-तीन तासांच्या फेऱ्यांनी वरखाली होत राहते. हे हेलकावे चालू राहण्यासाठी एचईएस१ चा एमआरएनए लवकर मोडला पाहिजे, आणि ते काम मिर-९ करतो. उलट एचईएस१ मिर-९ च्या जनुकाला दाबतं. आता गंमत अशी की मिर-९ ची प्राथमिक प्रत एचईएस१ बरोबर हेलकावे खाते, पण परिपक्व मिर-९ बराच काळ टिकतो, म्हणून तो थेंबे थेंबे साचत जातो. साठा एका पातळीच्या वर गेला की हेलकावे थांबतात, एचईएस१ खाली बसतं आणि पेशी भेदनाकडे (न्यूरॉन होण्याकडे) वळते. मिर-९ खूप कमी असला तरी हेलकावे बिघडतात, खूप जास्त असला तरी. केवळ वाढवून किंवा केवळ कमी करून केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट कधीच हाती लागली नसती.

लेट-७ हा मायक्रोआरएनए आणि लिन२८ हे प्रथिन, यांची जोडीही वेळेचीच. लिन२८ लेट-७ च्या हेअरपिनला धरून ठेवतं आणि डायसरपर्यंत नीट पोचू देत नाही. लेट-७ वाढला की तो लिन२८ चा एमआरएनए दाबतो. मूलपेशीत लेट-७ ची प्राथमिक प्रत भरपूर असते, परिपक्व लेट-७ जवळजवळ नसतो. म्हणून कुणी फक्त प्राथमिक प्रत मोजून ‘लेट-७ व्यक्त होतो’ असं लिहिलं असेल तर ते वाक्य खोडून टाका.

सगळेच मायक्रोआरएनए एकदम काढले तर? त्यासाठी डायसर काढतात. पूर्ण उंदरात डायसर नसेल तर गर्भ मेंदू घडायच्या आधीच मरतो, म्हणून ते विशिष्ट भागात काढावं लागतं. उंदराच्या भावी कॉर्टेक्समध्ये ते सुरुवातीलाच काढलं तर पूर्वज पेशी काही काळ बऱ्यापैकी काम करतात, पण त्यांच्यापासून झालेले नवे न्यूरॉन मोठ्या प्रमाणावर मरतात आणि कॉर्टेक्स पातळ होतो. लहान मेंदूतल्या पर्किन्ये पेशींमधून काढलं तर मायक्रोआरएनए लवकर नाहीसे होतात, पेशी मात्र बराच काळ नेहमीसारख्या चालतात आणि मग हळूहळू झिजून मरतात. प्रौढ उंदराच्या अग्रमेंदूत काढलं तर, विश्वास बसणार नाही, आधी काही आठवडे शिकण्याच्या चाचण्यांत उंदीर जास्त चांगले ठरले. ऱ्हास नंतर सुरू झाला. यावरून ‘मायक्रोआरएनए स्मृतीला घातक’ असा निष्कर्ष काढू नका. सिनॅप्सवरचे (दोन न्यूरॉनांच्या जोडावरचे) अनेक एमआरएनए मायक्रोआरएनए दाबून ठेवतात, तो दाब सुटला की थोडे दिवस फायदा दिसतो, हे जास्त पटणारं.

सिनॅप्सवरूनच पुढे जाऊ, कारण घडण म्हणजे फक्त न्यूरॉन जन्माला येणं नव्हे. डेंड्राइटमध्ये, केंद्रकापासून लांब, एमआरएनए थांबून असतात आणि गरज पडली की तिथल्या तिथे त्यांच्यापासून प्रथिन बनतं. मिर-१३४ तिथे एलआयएमके१ चा एमआरएनए दाबून स्पाइनचा (डेंड्राइटवरच्या छोट्या उंचवट्यांचा) आकार मर्यादित ठेवतो. बीडीएनएफ हा वाढीचा घटक आला की तो दाब सुटतो. २००६ च्या या कामाने क्षेत्राचं लक्ष डेंड्राइटकडे वळलं. मिर-१३४ ज्या मिर-३७९–४१० समूहातला आहे, तो फक्त अपरायुक्त सस्तनांमध्ये सापडतो, आणि तो समूह काढलेले उंदीर जास्त मिसळणारे निघतात. तुम्ही खास सस्तन प्राण्यांबद्दल विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मिर-१२४ आणि लेट-७ तर कृमींकडेही आहेत.

मिर-१३२ चं तसंच: सीआरईबी या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच्या हुकमाने वाढतो, पी२५०गॅप हे प्रथिन दाबतो, डेंड्राइट वाढतात. हिप्पोकॅम्पसच्या नवजात न्यूरॉनमधून तो आणि त्याचा भाऊ मिर-२१२ काढले तर फांद्या खुरटतात. जास्त दिला तर स्पाइन वाढतात, पण स्मृती बिघडते. मिर-१२८ नसलेले उंदीर अतिचंचल होतात आणि अपस्माराने दगावतात.

माणसातला पुरावा थोडा आहे, पण ठोस आहे. गुणसूत्र २२ वरच्या २२क्यू११.२ भागाच्या लोपात डीजीसीआर८ ची एक प्रत जाते. या लोपाबरोबर स्किझोफ्रेनियाचा धोका बराच वाढतो, आणि तसाच लोप असलेल्या उंदरांत मायक्रोआरएनएंचं उत्पादन घटलेलं, डेंड्राइट साधे झालेले दिसतात. अर्थात त्या भागात इतरही अनेक जनुकं आहेत, सगळा दोष डीजीसीआर८ वर टाकता येत नाही. मिर-१७–९२ समूहाचं यजमान जनुक गेल्याने होणारा फाइनगोल्ड सिंड्रोमचा दुसरा प्रकार जास्त स्वच्छ उदाहरण आहे: लहान डोकं, कमी उंची, बोटांतले दोष. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये हाच समूह पूर्वज पेशींची संख्या टिकवतो, तेव्हा लहान डोक्याशी धागा जुळतो.

आता तुमचा प्रकल्प. इनहिबिटर घालून बघा, पण आधी हा विचार करा. परिपक्व न्यूरॉनमध्ये मिर-१२४ इतका प्रचंड असतो की नेहमीच्या मात्रेतलं इनहिबिटर त्यातला बराचसा शिल्लक सोडतं. ‘काही परिणाम नाही’ असं उत्तर आलं तर ते जीवशास्त्राचं की मात्रेचं, हे कळणार नाही. इनहिबिटर लागू पडलं का हे क्यूपीसीआरने (आरएनए मोजण्याच्या पद्धतीने) मिर-१२४ मोजून ठरवू नका. बांधला गेलेला मायक्रोआरएनए पेशीतून नाहीसा झालेला नसतो, आणि इनहिबिटर स्वतः मोजणीत लुडबुड करतं. त्याऐवजी पीटीबीपी१ सारखं माहीत असलेलं लक्ष्य वर आलं का ते बघा. मिर-१२४ वाढायला लागतो त्या टप्प्यावर, म्हणजे पूर्वज पेशी भेदनाला वळताना हात घातलात तर काही दिसण्याची शक्यता जास्त.

उलट मिमिक (मिर-१२४ ची कृत्रिम नक्कल) घालायचा मोह होईल, कारण त्याने आकडे छान येतात. पण मिमिकच्या पुराने आर्गोनॉटमधले बाकीचे मायक्रोआरएनए बाहेर ढकलले जातात, आणि त्यांची लक्ष्यं वर येतात. तो परिणाम मिर-१२४ च्या नावावर जमा होतो. कंट्रोल म्हणून सीडमध्ये दोन-तीन अक्षरं बदललेला मिमिक तितक्याच मात्रेत हवाच.

लुसिफरेजचा प्रयोग (यूटीआर प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडून मोजण्याचा) कराच, मूळ यूटीआर आणि जागा बदललेली यूटीआर शेजारी शेजारी ठेवून. पण त्यावर थांबू नका. त्यातून एवढंच कळतं की जागा काम करू शकते. त्या लक्ष्यामुळेच पेशीत फरक पडला हे दाखवायला दोन रस्ते आहेत. एक, यूटीआर नसलेली लक्ष्याची प्रत पेशीत घालून मायक्रोआरएनएचा परिणाम पुसला जातो का ते बघणं. दुसरा, क्रिस्परने पेशीच्या स्वतःच्या जनुकातली ती सात अक्षरं बदलणं, बीएएफ५३ए च्या वेळी लक्ष्याची जागा बदलली होती त्याच विचाराने. वेळ लागतो, क्लोन तपासताना जीव मेटाकुटीला येतो, पण मायक्रोआरएनएची बाकीची शेकडो लक्ष्यं जागच्या जागी राहतात आणि उत्तर एकाच जागेबद्दल मिळतं. तुमच्याकडे एक वर्ष असेल तर मी इनहिबिटरवर दोन महिने आणि उरलेला वेळ यावर घालवेन. आणि कल्चरमध्ये ग्लिया (साहाय्यक पेशी) किती आहेत हे प्रत्येक वेळी मोजा. न्यूरॉनचं प्रमाण बदललं तरी मिर-१२४ चा आकडा बदलतो, आणि मग पेशींची सरमिसळच तुम्ही नियमन म्हणून छापाल.